जाहिरातीला आवाज कुणाचा? चोपड्याच्या दादांना सविस्तर उत्तर

दादांचा प्रश्न थोडक्यात असा. चोपड्यात ठिबक, पाइप आणि शेती औषधांचं दुकान आहे, मे महिन्यात कापूस लागवडीच्या आधी गावोगाव रिक्षा फिरवायचीय, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला दोन-तीन व्हिडिओ करायचेत, आणि दुकानाच्या फोनवर ते 'यासाठी एक दाबा' वालं लावायचंय. पुतण्याचा आवाज बरा आहे, एआयचा आवाज मोबाइलवर फुकटात मिळतो, मग जाहिरातीला आवाज देणाऱ्या व्हॉइस ओव्हर आर्टिस्टला पैसे देऊन जास्तीचं काय मिळणार?

प्रश्न रास्त आहे दादा, पैसे तुमच्या खिशातले जाणार तर विचारलंच पाहिजे. मी जळगावात बरीच वर्षं हेच काम करतेय, सुरुवात आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून झाली, नंतर एफएमच्या जाहिराती, सराफांच्या, दवाखान्यांच्या, बियाणं कंपन्यांच्या, आणि रिक्षावरच्या तर भरपूर केल्या. म्हणजे मी आर्टिस्टच्या बाजूची आहे हे उघडच आहे, तरी तुमच्या तीन कामांपैकी एकाला आर्टिस्ट लागत नाही असं मला वाटतं, ते पुढे सांगतेच.

आधी रिक्षाचं बोलू, कारण तुमचा सगळ्यात जास्त खर्च तिथेच होणार आहे आणि सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तोही तिथेच. लोकांना वाटतं आर्टिस्ट म्हणजे भारदस्त आवाज, छातीतून येणारा, घुमणारा. तो आवाज स्टुडिओत हेडफोनवर फार भारी वाटतो पण तुमच्या रिक्षावर जो भोंगा लागतो ना तो खालचे सूर वाजवतच नाही, त्याच्यातून मधले सूर तेवढे बाहेर येतात. म्हणजे ज्या खर्जासाठी तुम्ही तो आवाज निवडला तो भोंग्यातच कापला जातो आणि मागे उरते ती गुळमुळीत घरघर. रिक्षाच्या कामाला आवाज थोडा वरच्या पट्टीचा लागतो, व्यंजनं टणक लागतात, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, आणि दोन वाक्यांच्या मध्ये जरा जास्त थांबायचं, कारण समोरच्या घरांच्या भिंतींवर आपटून आवाज परत येतो आणि थांबला नाहीत तर पुढच्या वाक्यावर मागच्याचा प्रतिध्वनी चढतो. हे सगळं बोलताना सांभाळायला सराव लागतो. पुतण्याचा आवाज चांगला असेलही, पण तो मोबाइलमध्ये बोलताना मोबाइलसाठीच बोलणार, भोंग्यासाठी कसं बोलायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता वेळेचा हिशोब बघा. रिक्षा गावात ताशी १० किलोमीटरनं चालली तरी सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे सरकते. ओट्यावर बसलेल्या माणसाला शब्द नीट कळतील असा टप्पा धरा ५० मीटरचा, म्हणजे त्याच्याकडे १८ सेकंद आहेत, बस. तुम्ही दीड मिनिटाची स्क्रिप्ट पाठवलीय, ती अख्खी कुणालाच ऐकू जाणार नाही, कुणाला सुरुवातीचा रामराम ऐकू जाईल, कुणाला मधली कंपन्यांची नावं, कुणाला शेवटचा फोन नंबर, आणि दुकान कुणाचं हे निम्म्या गावाला कळणारच नाही. म्हणून रिक्षासाठी १५ सेकंदाचा तुकडा करायचा ज्यात काय मिळतं, कुणाला मिळतं, कुठे मिळतं हे तिन्ही येतं, आणि तसे तीन-चार वेगवेगळे तुकडे एकापाठोपाठ लावायचे. १५ सेकंदात निवांत बोललं तर मराठीचे तीसेक शब्द बसतात, त्याच्यावर गेलात की बोलणारा धावायला लागतो.

तुमच्या स्क्रिप्टमधलंच पहिलं वाक्य घेते. तुम्ही लिहिलंय, "शेतकरी बांधवांनो, आपल्या सेवेत सादर करीत आहोत अत्याधुनिक तंत्रज्ञानाने युक्त, आयएसआय प्रमाणित ठिबक सिंचन संच, अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांसाठी ऐंशी टक्के अनुदानावर उपलब्ध." कागदावर बरोबर आहे. पण भोंग्यातून 'अल्प व अत्यल्प भूधारक' हे फक्त 'अल्पअल्प' असं ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात आपण बसतो का नाही हे कळत नाही. मी असं बोलेन: "पाच एकरापर्यंत शेती आहे? ठिबकला ऐंशी टक्के अनुदान आहे. अर्ज कसा भरायचा, दुकानात बसून समजावून सांगतो. चोपडा, बस स्टँडसमोर." पुढे दुकानाचं नाव, आणि नाव परत एकदा. पाच एकर म्हटलं की माणूस कान टवकारतो कारण सातबारा त्याचा त्याला पाठ असतो. आणि पाच एकराच्या वरच्याला सध्याच्या योजनेत ७५ टक्के आहे, त्याचा वेगळा तुकडा करा, एकाच वाक्यात दोन टक्केवाऱ्या कोंबल्या की दोन्ही जातात. अजून एक, अनुदान मंजूर होणं हे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जावर आणि कृषी खात्यावर आहे, तुमच्यावर नाही, तेव्हा 'अनुदान मिळवून देऊ' असं मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही आणि तुम्हीही कुणाला म्हणायला लावू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई आहे. कामाचा आर्टिस्ट माइकसमोर बसायच्या आधी अशा जागा दाखवतो. पैशाची निम्मी वसुली माझ्या मते इथेच होते.

आकड्यांचं तर वेगळं प्रकरण आहे आणि तुमच्या धंद्यात ते फार महत्त्वाचं आहे. 'स' चा सगळा जोर वरच्या सुरांत असतो, भोंगा आणि फोन दोन्ही ते वरचे सूर कापतात, त्यामुळे 'सहा' आणि 'दहा' सारखेच ऐकू येतात. 'सात' आणि 'साठ' तर समोरासमोर बोलतानाही फसतात. आता विचार करा, औषधाचा डोस सांगणारा व्हिडिओ आहे आणि पंपाला सहा मिली म्हटलेलं कुणी दहा ऐकलं तर पीक कुणाचं जळेल आणि शिव्या कुणाला पडतील. असं वाक्य आम्ही दोनदा आणि दोन प्रकारे बोलतो, शिवाय व्हिडिओत आकडा मोठ्या अक्षरात टाकायला सांगतो, आणि भोंग्यावर डोस सांगायचाच नाही हा माझा नियम आहे. फोन नंबरही जोडीनं वाचू नये. एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकताना माणूस मनात गणित करत बसतो आणि तोवर पुढचे आकडे निघून जातात. एकेक आकडा, तीन-तीन-चार असे थांबे घेऊन, आणि लगेच परत एकदा.

भाषा. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण बाहेरच्या एजन्सीकडून काम करून घेणारे आपले व्यापारी इथेच मार खातात. खानदेश म्हटलं की एकच बोली नाही. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा पट्ट्यात अहिराणी, रावेर, यावल, फैजपूर, सावदा केळीपट्ट्यात लेवा गणबोली, जळगाव-जामनेरकडे तावडी, तुमच्या चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याला गेलात की पावरी, नंदुरबारला तर अजून वेगळं. सगळ्यांना प्रमाण मराठी कळते, पण विश्वासानं ऐकायचा कान वेगळा असतो. "भाऊ, पाच एकर वावर शे का?" असं अमळनेरच्या बाजूच्या गावात भोंग्यातून आलं तर म्हातारा माणूससुद्धा बाज सोडून दाराशी येतो, हे मी त्या रिक्षासोबत फिरताना बघितलंय.

पण ही अहिराणी तिच्यात वाढलेल्या माणसानं बोललेली पाहिजे. पुण्या-मुंबईचा आर्टिस्ट कितीही कसलेला असू दे, तो शब्द उचलतो, हेल उचलत नाही, आणि मग ती नकलेसारखी वाटते. आणि अहिराणी म्हटलं की हसवायचंच असा एक समज झालाय, यूट्यूबवर विनोदी व्हिडिओ भरपूर चालतात म्हणून, तर जाहिरातवालेही लगेच त्यात आरडाओरडा, शिव्यागाळीच्या काठावरचं बोलणं घालतात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या भाषेत आपली माय पोराला औषध पाजते, सावकाराशी बोलते, देवाला गाऱ्हाणं घालते ती भाषा फक्त हसायला कशी असेल. दवाखान्याची, विम्याची, बियाण्याची जाहिरात अहिराणीत गंभीरपणे, सरळ, आदरानं करता येते आणि ती फार चांगली लागते. ज्याला ऐकवायचंय त्याला जर वाटलं की हा आपली टिंगल करतोय तर तो माल चांगला असून तुमच्या दुकानात येणार नाही.

एआयचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. एआयचे मराठी आवाज सुधारलेत, खोटं कशाला बोलू, साधं वाक्य असेल तर पटकन लक्षात येत नाही. पण आपल्या मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दिसत नाहीत. चाळीसगावचा 'च' वेगळा आणि चाळीत राहतो त्या चाळीचा 'च' वेगळा, चार म्हणजे आकडा वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला 'चा' वेगळा. माणसाला हे कानानं माहीत असतं, मशीन अंदाज लावतं आणि बरेचदा हिंदीकडे झुकतं. जळगावचं नाव हिंदी वळणानं, ज कडक आणि ळ चा ल करून आलं की आपल्या माणसाला पहिल्या सेकंदात कळतं की हे आपल्याकडचं नाही. उलट अहिराणीत बोलायचं तर ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, जळगावचं जयगाव होतं, आणि कुठल्या गावात जळगाव म्हणायचं आणि कुठे जयगाव हे ठरवणारं माणूसच लागतं. मिली, रु., कि.ग्रॅ. असल्या संक्षेपांचंही मशीन काहीही करतं. एआय वापरायचाच तर स्क्रिप्टची लांबी तपासायला वापरा, मीही कधीकधी क्लायंटला कच्चा नमुना तसाच पाठवते, पण बाजारात जाणारी फाइल गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला ऐकवल्याशिवाय सोडू नका.

आणि एक धोक्याचं सांगते. एखाद्या नटाच्या किंवा गायकाच्या आवाजासारखा एआय आवाज काढून जाहिरात करायची फॅशन आलीय, मोबाइल दुकानवाले, हॉटेलवाले बिनधास्त करतात. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या प्रकरणात त्यांचा आवाज परवानगीशिवाय एआयनं बनवायला अंतरिम मनाई केलीय. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अमिताभ बच्चन यांच्या नाव, फोटो आणि आवाजाला असंच संरक्षण दिलं होतं. चोपड्यातली रिक्षा कुणाला दिसते असं म्हणू नका, तीच क्लिप पुतण्या इन्स्टावर टाकणार आहे.

पुतण्याबद्दल. त्याला आवड असेल तर नक्की करू द्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओचं काम त्याचंच आहे, किंबहुना तुमचं स्वतःचं आहे. मघाशी म्हटलं ना एका कामाला आर्टिस्ट लागत नाही, ते हेच. तुम्ही वावरात उभे राहून लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, हातात धरून सांगताय की हे ड्रीपर बंद का पडतं आणि अ‍ॅसिड कधी सोडायचं, तिथे माझा आवाज लावला तर उलट नुकसान आहे, गिऱ्हाइकाला तुमचा चेहरा आणि तुमचाच आवाज पाहिजे, अडखळलात तरी चालेल. ज्या शेतकऱ्यानं तुमच्याकडून संच घेतलाय त्याचं बोलणं असेल तर तिथेही त्याच्याच तोंडून येऊ द्या, वरून आवाज चढवू नका. फक्त रेकॉर्डिंग नीट करा. कॉलरचा छोटा माइक घ्या, वाऱ्यासाठी त्यावर तो केसाळ कव्हर असतो तो लावा, मोटर बंद करा. घरात करायचं असेल तर रिकाम्या हॉलमध्ये नको, गाद्या-गोधड्या ठेवतात त्या खोलीत करा, तिथे आवाज घुमत नाही. पंखा आणि कूलर बंद, मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असताना हे सांगणं सोपं नाही मला माहितीय, आम्हीसुद्धा रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद करून घामाघूम होऊन वाचतो, दर काही मिनिटांनी थांबून परत चालू करतो. कूलरचा आवाज नंतर अ‍ॅपमधून काढू म्हणू नका, त्यात आवाजाचा जीव जातो आणि पाण्यात बोलल्यासारखं लागतं.

फोनवरच्या रेकॉर्डिंगला मात्र आर्टिस्ट घ्याच. साध्या फोन लाइनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, म्हणजे इथेही तो भोंग्यासारखाच प्रकार, त्यात ऐकणारा मोटरसायकलवर असतो नाहीतर बाजारात. आधी काम सांगायचं मग आकडा, "ठिबकच्या दुरुस्तीसाठी, दोन दाबा", उलटं सांगितलं की माणूस आकडा विसरतो आणि परत पहिल्यापासून ऐकतो. चारच्या वर पर्याय देऊ नका. स्वर एकसारखा ठेवावा लागतो, कारण सहा महिन्यांनी तुम्ही एक पर्याय वाढवणार, आणि तो नवा तुकडा जुन्यात बेमालूम बसला पाहिजे. एका दवाखान्याचं काम आम्ही केलं होतं, पुढे डॉक्टर बदलले तेव्हा त्यांनी तेवढं नाव रिसेप्शनवरच्या मुलीच्या आवाजात घुसडलं, मोठ्यानं आणि मागे टीव्ही चालू. नंतर त्यांच्याकडूनच कळलं की पेशंट मध्येच फोन कापायचे, त्यांना वाटायचं चुकीच्या नंबरवर लागला. शेवटी सगळं परत करायला लागलं. जो माणूस दोन वर्षांनीही तुम्हाला सापडेल, ज्याच्याकडे जुन्या फाइल, माइक कुठला, अंतर किती याची नोंद आहे, अशाला काम द्या.

पैशाचं. दर माणसागणिक वेगळे आहेत, मी आकडा सांगून कुणाच्या पोटावर पाय देणार नाही, पण दर कशावर ठरतो ते सांगते. किती मिनिटं, कुठे वाजणार, किती दिवस वाजणार, आणि किती वेळा बदल. तुमच्या रिक्षाचं रोजचं भाडं, ड्रायव्हर, इंधन, परवानगी, हे सगळं आठ-दहा दिवसांचं एका कागदावर मांडा आणि त्याच्या शेजारी आवाजाचा खर्च लिहा, मग तुम्हालाच दिसेल कुठे काटकसर करतोय. आर्टिस्टची चूक असेल तर परत रेकॉर्डिंग फुकट, तुम्ही स्क्रिप्ट बदलली तर पैसे लागतील, हे आधी बोलून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे, म्हणून रिक्षासाठी घेतलेला आवाज उचलून तुम्ही एफएमला नाहीतर दुसऱ्या तालुक्यातल्या डीलरला दिला तर वाद होऊ शकतो. एका कागदावर, निदान मेसेजवर तरी, कुठे आणि किती काळ वापरणार ते लिहून घ्या. आणि आर्टिस्टकडून घेतलेल्या आवाजावरून एआय आवाज बनवणार नाही हेही त्यात लिहा, आता आम्ही सगळेच ते मागतो.

निवडताना डेमो ऐकून भुलू नका, डेमोमध्ये सगळ्यांचंच भारी असतं, मागे म्युझिक असतं. तुमच्याच स्क्रिप्टच्या दोन ओळी वाचून मागा आणि त्या मोबाइलच्या स्पीकरवर, दुकानात गर्दी असताना ऐका. शक्य असेल तर मंडपवाल्याकडे जाऊन भोंग्यावरच वाजवून बघा, तुम्ही ५० पावलं लांब उभे राहा. पहिल्या फेरीत फोन नंबर लिहून घेता आला का, गाव आणि दुकान कळलं का, एवढंच तपासा. फाइल घेताना डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली मूळ फाइल, मागा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, व्हॉइस नोट करून पाठवली की ती दाबली जाते आणि भोंग्यावर अजून वाईट वाजते. पेनड्राइव्हवर एमपी३ वेगळी द्या, रिक्षावरच्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरला डब्ल्यूएव्ही चालत नाही.

रिक्षाला परवानगी पोलीस स्टेशनमधून आधी घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे ड्रायव्हरला बटण बंद करायला सांगून ठेवा. माझा सल्ला विचाराल तर वेळ सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ नंतरची धरा, दुपारी मे महिन्यात गावात ओट्यावर कुणी नसतं.

तुमच्या कामापुरतं म्हणाल तर रिक्षाचे चार तुकडे, दोन प्रमाण मराठीत आणि दोन अहिराणीत, ते आर्टिस्टकडून. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी एक पावरी तुकडा, तिथल्याच एखाद्या शिकलेल्या पोराकडून, त्याला पैसे देऊन आणि आर्टिस्टला शेजारी बसवून. फोनचं रेकॉर्डिंग आर्टिस्टकडून. व्हिडिओ तुम्ही आणि पुतण्या. आणि स्क्रिप्टमध्ये ठिबक कंपनीचं नाव घेणार असाल तर कंपनीच्या माणसाकडून ओके लेखी घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी, कारण एकदा रिक्षा सुटल्यावर नाव काढायला लागलं तर सगळे तुकडे परत करावे लागतात.